लोखंडाचा वाढदिवस

ये अशी जवळ. खुर्ची ओढ, आणि तो फोन पालथा ठेव. तू बर्लिनला, मी इथे कार्ल्सरूहेच्या कडेला या छोट्या घरात, म्हणजे कागदावरच बोलावतेय हे मलाही कळतं. पण कान धरायचा असेल तर माणूस जवळ लागतं, म्हणून तुला इथे बसवलं असं समज.

परवा फोनवर काय म्हणालीस? मैत्रिणींना सांगितलंस की माझी आजी बंदूकवाली आहे, दोन बंदुकांपायी तिने स्वतःच्या मुलाशी बोलणं टाकलं. आणि सगळ्या हसल्या म्हणे. हसू देत. पण अर्धी गोष्ट सांगून हसवलंस, हे मला आवडलेलं नाही. मी मराठीत विचारलं, हे तुला कोणी सांगितलं गं? तू जर्मनमध्ये उत्तर दिलंस, पापाने, आणि ट्राम आली म्हणून फोन ठेवून दिलास. तुझी ट्राम बरोबर अशाच वेळी येते.

तुझ्या पापाने सांगितलं म्हणजे कसं सांगितलं असेल ते मी ओळखून आहे. आता माझ्याकडून ऐक. अक्षरं मीच तुला शिकवली आहेत, तेव्हा वाचता येत नाही असं म्हणू नकोस. अडलं तर आईला विचार. बापाला नको.

आणि आधी बंदूक म्हणणं सोड. रायफल. दोन्ही लिव्हरच्या. चापाखाली चार बोटं मावतील असं लोखंडी कडं असतं. ते हापशासारखं खाली दाबलं की आतलं रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर ओढलं की नवं जागेवर बसतं. काळपट निळं लोखंड, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. तुझ्या बापाहून जुन्या आहेत, माझ्याहूनही असतील.

त्या आपल्या नव्हत्या. तुझे आजोबा इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन इथल्या कारखान्यात लागले, तेव्हा टूलरूममध्ये एक माइस्टर होता, म्हणजे सगळ्या कारागिरांचा वरचा माणूस. त्याने पहिल्या दिवशी ह्यांच्या हातात एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस दिली आणि म्हणाला, इंजिनिअर आहेस ना, मग हा सपाट कर. आठ दिवस हे कानस मारत होते. घरी आले की हाताला कापराचं तेल चोळायचे आणि त्या माइस्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. नवव्या दिवशी त्याने ठोकळ्यावर पट्टी उभी धरली, खिडकीकडे तोंड करून खालून उजेड येतो का पाहिलं, आणि एकच शब्द बोलला. गेनाऊ. बरोबर. एवढंच. हे घरी आले ते पगार वाढल्यासारखे.

आता तुझ्या आजोबांचे वडील साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या घरी खंडेनवमीला देवापेक्षा पान्यांची आणि हातोड्यांची जास्त बडदास्त. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, फुलं वाहायची, त्या दिवशी कुठल्याही हत्याराला कामाला लावायचं नाही. हे इथेही तसंच करायचे. कानस, मापं घ्यायचं कॅलिपर, माझी सुरी आणि विळी. एका वर्षी माइस्टर काही कागद द्यायला म्हणून दारात आला आणि पाट बघून तिथेच थबकला. ह्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आज लोखंडाला सुट्टी, आज आम्ही त्याच्या पाया पडतो. मला वाटलं, आता हा हसणार आणि उद्या कारखाना हसणार. तो विचार करून म्हणाला, "आल्झो, म्हणजे लोखंडाचा वाढदिवस."

पुढच्या वर्षी तो आपण होऊन आला. बूट बाहेर काढले, मोज्यांत आत आला, आणि घोंगडीत गुंडाळलेल्या दोन रायफली पाटावर ठेवल्या. तरुणपणी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन शिपायाकडून घेतलेल्या, रीतसर कागद करून. मग दर वर्षी यायला लागला. पुरणपोळी खायचा आणि त्यावर मोहरीची चटणी मागायचा. मी द्यायची. काय करणार?

त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. ह्यांना त्याने शिकारीची परीक्षा द्यायला लावली, आणि रविवारी दोघं जंगलात जायला लागले. रानडुकराचं मटण मी कांदा-लसूण मसाल्यात करायची, त्याला घाम फुटायचा, तरी वाटी पुढे करायचा. तो गेला तेव्हा मृत्युपत्रात रायफली ह्यांच्या नावावर निघाल्या. का, तर लिहिलं होतं, त्या घरात लोखंडाला मान आहे.

पण एक तुला कोणी सांगितलं नसेल. रायफल पुसायला त्याने मला शिकवलं, ह्यांना नाही. हे जंगलातून दमून यायचे आणि उद्या पुसतो म्हणायचे. माइस्टर म्हणायचा, दवात भिजलेली रायफल उद्या पुसायची नसते, उद्या तिला गंज सापडतो. ह्या जातीच्या रायफलीची नळी मागून साफ करता येत नाही, तोंडाकडून करावी लागते. सळई तोंडाला घासली की नेम गेला. म्हणून तोंडावर एक पितळी टोपी बसवायची, तिच्यातून सळई सरळ आत घालायची. सळईच्या टोकाला चिंधी. चिंधी माझ्या जुन्या सुती लुगड्याची, दुसरी कुठली चालत नसे. पहिली काळी निघते, मग करडी, मग पिवळट, आणि पांढरी निघाली की मगच तेलाचा हात. दस्त्याला जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, लाकूड कोमट होईपर्यंत. हे मारायचे, मी पुसायची. आमच्या संसाराची वाटणी अशी होती. एक गोळी मी आयुष्यात झाडलेली नाही.

हे गेले तेव्हा युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात फारसं बोलत नव्हते. एकदा मी उशी सरळ करत होते, तर म्हणाले, "त्यांना कोरडं ठेव." मी हो म्हटलं. कोणाला ते विचारावं लागलं नाही.

इथला कायदा असा, की हत्यारं वारशात आली तर महिन्याच्या आत आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत जाऊन अर्ज करायचा. मी गेले. काचेपलीकडे एक माणूस होता, टेबलावर निवडुंगाची कुंडी. त्याने माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. हळूहळू, एकेक शब्द मोजून बोलायला लागला, बहिऱ्याशी बोलावं तसं. तुम्हाला ह्यांचं काय करायचंय? शिकारीचा परवाना आहे का? नाही? मग कचेरीत जमा करा, आम्ही विनामूल्य नष्ट करतो, तुमच्या डोक्याचा ताप जाईल. विनामूल्य हा शब्द तो तीनदा म्हणाला. मी म्हटलं, मला वारसाहक्काने ठेवता येतात असं कायद्यात लिहिलंय, पान उघडू का? पान मी शब्दकोश घेऊन आठ दिवस वाचलं होतं. त्यानंतर तो भराभर बोलायला लागला, म्हणजे मला कळू नये असा.

शेवटी रायफली ठेवण्याचं कार्ड दिलं. काडतुसं सगळी जमा करायची, पोलादी कपाट भिंतीत बोल्ट मारून बसवायचं, किल्ली कोणाच्या हाती लागू द्यायची नाही. मी निघाले तेव्हा म्हणाला, "आम्ही बघत राहू." मी म्हटलं, बघा.

तुझ्या बापाला हे अजिबात आवडलं नाही. तेराव्यालाच म्हणाला होता की बाबा गेले, आता ते सामानही जाऊ दे. सामान म्हणाला. मी भांडी आवरत होते, ऐकलंच नाही असं केलं. तू तेव्हा तीन-चार वर्षांची होतीस, तुला काही कळत नव्हतं.

मग काही वर्षांनी कायदा बदलला. माझ्यासारख्या वारसांनी, ज्यांना परवाना नाही, त्यांनी नळीत एक पोलादी दट्ट्या कुलूपबंद करून बसवायचा. तो फक्त परवान्याचा बंदूकवाला काढू शकतो. आता तूच सांग, नळीत दट्ट्या बसला की आतून पुसायचं कसं? बाहेरून चकचकीत आणि आत काय चाललंय कोणालाच पत्ता नाही. माझं नशीब, ह्या जुन्या मापाच्या नळीचा दट्ट्या अजून कोणी बनवलेलाच नव्हता. आम्टने सवलतीचं पत्र दिलं, दट्ट्या बाजारात येईपर्यंत सूट. मी ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

आणि मग एका वसंतात इथून फार लांब नाही अशा एका गावात शाळेत तो भयंकर गोळीबार झाला. तुला आता माहीत आहे, तेव्हा तुझ्यापासून लपवलं होतं. पोरं गेली, शिक्षक गेले. ज्याने केलं त्याने बापाचं हत्यार उचललं होतं. दोन दिवस मी बातम्या लावूनच बसले होते. तिसऱ्या दिवशी तुझा बाप आला.

स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बोलला. "आई, ते हत्यारही घरातलंच होतं."

"कपाटाबाहेर होतं. माझी कपाटात आहेत."

"तू सत्तरीला आलीस. किल्ली कुठे ठेवतेस ते उद्या तुलाच आठवणार नाही."

मी म्हटलं, तुझ्या दहावीच्या मार्कांपासून सगळं आठवतं, हवं तर सुनेसमोर सांगते. हा चेष्टेवर जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. म्हणाला, "मग ठरव. त्या ह्या घरात आहेत तोवर माझी मुलगी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही."

"नको ठेवू दे," मी म्हटलं. "घर माझं आहे."

हे मी बोलले. तुझ्या बापाने तुला हे वाक्य सांगितलं नसेल तर तो त्याचा भलेपणा. बोलले आणि वर त्याच्याच कपात त्याला चहा ओतला. तो न पिता गेला.

सहा महिने मी तुला घरात पाहिलं नाही. दोनदा स्टेशनजवळच्या बेकरीत भेटवलं त्याने, अर्धा-अर्धा तास. तू माझ्या समोर, तो शेजारच्या टेबलावर घड्याळाकडे बघत. तू विचारलंस, ओमा, तुझ्या घरी का नाही जायचं? मी म्हटलं, रंगकाम चाललंय. तू म्हणालीस, कुठला रंग? मला एकही रंग सुचेना.

आता माझी चूक सांगते, ती लपवली तर ह्या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्टचं पत्र आलं. तुमच्या मापाचा दट्ट्या आता मिळतो, अमुक तारखेच्या आत बसवून घ्या आणि बंदूकवाल्याचा शिक्का आणून दाखवा. मी ते दोनदा वाचलं, पुन्हा घडी घातली आणि ह्यांचा चष्मा ज्या ड्रॉवरमध्ये आहे तिथे टाकलं. विसरले नव्हते. रोज ड्रॉवरकडे बघत होते. वाटायचं, दट्ट्या बसवला तर तुझा बाप जिंकला, आम्ट जिंकलं, आणि ह्यांना दिलेला शब्द गेला. दट्ट्या बसवला असता तर तू यायला लागली असतीस का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. रागात माणूस असले प्रश्न विचारत नाही.

खंडेनवमी आली. तुझ्या आईने आदल्या दिवशी फोन केला. हळू आवाजात म्हणाली, "अहो आई, उद्या मी सुट्टी टाकलीय. हे ऑफिसात असतील. आम्ही दोघी येतो. शेजारच्या बाईंकडे गेले होते म्हणून सांगेन." तुझी आई खोटं बोलायला निघाली म्हणजे किती वाटलं असेल तिला. मी सकाळपासून कामाला लागले. बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू तोडला, शिरा केला, पाटावर खण अंथरला. रायफली काढल्या, पुसल्या, पाटावर ठेवल्या. ह्यांची कानस, कॅलिपर, माझी विळी. तू दप्तरातून शाळेची कात्री आणि कंपास काढून ठेवलास, आणि म्हणालीस, ह्यांचा पण बर्थडे. त्या दिवशी तू खूप बोललीस. सहा महिन्यांचं साठलेलं.

दर वर्षी मी रायफलीच्या दस्त्याला, लाकडाला, कोरडं कुंकू लावायची. लोखंडाला ओलं कधीच नाही. तू म्हणालीस, मी लावते. मी म्हटलं, लाव. मी निरांजनाची वात सारखी करत होते. तू बोट पाण्यात बुडवलंस, कुंकवात बुडवलंस, आणि दोन्ही रायफलींच्या कुशीला, बरोब्बर लोखंडावर, एकेक ठिपका दाबून लावलास. मी पाहिलं. आता पुसेन, मनात म्हटलं, तिचा हात तर निघू दे. तेवढ्यात बेल वाजली.

निवडुंगवाला माणूस होता, आणि बरोबर एक बाई. तपासणी. आता न सांगता येता येतं त्यांना, नियम झालाय. मी म्हटलं या. काय म्हणणार? ते आत आले, बुटांसकट, आणि पाट बघून उभे राहिले. दिवा, फुलं, शिरा, कात्री, आणि मध्ये दोन रायफली.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"वाढदिवस."

"कोणाचा?"

"लोखंडाचा."

तो हसला नाही. माइस्टरही पहिल्यांदा हसला नव्हता, पण ते न हसणं वेगळं होतं. ह्याने वही काढली. तुझ्यासमोर वाकून गोड आवाजात विचारलं की ह्या कपाटातून कोणी काढल्या. तू छाती पुढे काढून सांगितलंस, ओमाने, आणि लाल रंग मी लावला, ओमाने मला हात लावू दिला. त्याने शब्दन्‌शब्द लिहून घेतला. त्यात तुझा काही दोष नाही, हे आज लिहून देते. तू खरं तेच बोललीस. खोटं बोलायला मी तुला रंगकामावरून शिकवलं होतं, ते तू शिकली नाहीस, एवढंच.

मग त्याने शिक्का मागितला. मी ड्रॉवर उघडला, चष्म्याखालून पत्र काढून त्याच्या हातात दिलं. तारीख उलटून गेली होती. तो म्हणाला, रायफली आम्ही नेतो. त्या बाईने करडं ब्लँकेट उघडलं.

मी म्हटलं, "एक मिनिट. फक्त पुसू द्या. ओल्या आहेत."

"हात लावू नका."

"ओल्या आहेत हो."

"हात बाजूला."

तुझी आई मला मागे ओढत होती. त्यांनी गुंडाळल्या आणि नेल्या. जिन्यात तो माणूस वळून म्हणाला की तक्रार काही परक्याची नाही, घरातूनच आली होती, ऑगस्टमध्ये. का सांगितलं त्याने मला? सांगायची गरज नव्हती. मला वाटतं त्याला त्या पहिल्या दिवशीचं पान आठवत होतं.

तुझी आई घाबरून गेली होती, तिने फोन केला. सहाच्या सुमारास तुझा बाप बाड हॉम्बुर्गच्या ऑफिसातून गाडी मारत आला. पाट तसाच होता, शिरा तसाच होता. तो बूट न काढता आत आला. माझ्या घरात त्या दिवशी बूट घालून आलेला तिसरा माणूस. तुला आईने आतल्या खोलीत नेलं आणि टीव्ही मोठा केला, ते तुला आठवत असेल.

मी विचारलं, "तूच कळवलंस?"

"हो. मीच."

"आपल्या आईचं नाव आम्टला."

"आईचं नाही. आईच्या कपाटाचं." मग पाटाकडे बघून म्हणाला, "आणि कपाटसुद्धा उघडंच निघालं. ती आठ वर्षांची आहे, आई. तिच्या हाताने."

मी म्हटलं, काडतूस नाही घरात, चिटपाखरू मरणार नाही त्यांनी, तुला काय डाचतंय ते तरी सांग. वडलांची एक आठवण घरात राहिली तर तुझं काय जातं?

तेव्हा तो बोलला. हळूच बोलला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मीही आठ वर्षांचा होतो. बाबा मला घेऊन गेले होते. हरीण पडलं. बाबांनी माझा हात धरून त्याच्या मानेवर ठेवला, अजून गरम होतं. मी ओकलो. माइस्टर हसला, बाबाही हसले. घरी आलो. शर्ट घाण झालेला, मी दारात उभा. तू काय केलंस ते आठवतं तुला?"

मी निरांजनाची वात पुढे सारली.

"तू आधी रायफली पुसल्यास. दोन्ही. मी शर्टासकट तिथेच उभा होतो."

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण असं झालंच नसेल म्हणायची माझी छाती नाही, कारण ओली रायफल मी उद्यावर टाकत नसे, हे तुला वर मीच अभिमानाने सांगितलंय.

त्याच्यापुढे मात्र मी हे कबूल केलं नाही. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तोंडात काय होतं? आम्टला पत्र लिहिता येतं, आईला लिहिता येत नाही?"

"आईला लिहिलं असतं," तो म्हणाला, "तर तिने ड्रॉवरमध्ये टाकलं असतं."

तुला त्याने कोटात गुंडाळलं आणि तुम्ही तिघं गेलात. तुझी कात्री पाटावर राहिली. त्यानंतर कितीतरी महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही बोलले नाही. तुझ्या मैत्रिणींना एवढंच सांगितलंस ना? एवढं खरं आहे.

सहा आठवड्यांनी आम्टने कळवलं. एक तर दट्ट्या बसवून कायम बंद करा, नाहीतर आम्ही कापून भंगारात देतो. रायफली बंदूकवाल्याकडे पोचवल्या होत्या. मी गेले. तो म्हातारा माणूस, माइस्टरला ओळखणारा. त्याने टेबलावर ठेवल्या आणि आधी माझ्याकडे बघून मग घडी उलगडली. सहा आठवडे तशाच ओल्या, ब्लँकेटमध्ये. जिथे तू कुंकू लावलं होतंस तिथे बरोबर बोटाएवढा, तांबूस, गोल गंज चढला होता. बाकी ठिकाणीही थोडा होता. तो म्हणाला, काळजी नको, पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझं काही ऐकायच्या आत तेलाच्या लोकरीने एका रायफलीचा ठिपका घासून काढलासुद्धा. दुसरीला हात घातला तेव्हा मी म्हटलं, हा राहू दे.

तो म्हणाला, गंज आहे, खात जाईल.

मी म्हटलं, तेल लावत जाईन, वाढू देणार नाही, पण काढायचा नाही. चाळीस वर्षं गंज काढण्यात घातलेल्या बाईने असं म्हणावं हे त्याला पटलं नसावं. बरं, बरं, करत त्याने मान हलवली. मग मी दट्ट्याचं सांगितलं. दोन्हींना. कुलूप फिरल्याचा आवाज आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

शिक्क्याच्या कागदाची प्रत मी तुझ्या बापाला पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसले होते, शर्टाबद्दल. चार ओळी झाल्या. मग फाडली. नुसता कागद पाठवला. ते मी चुकले. त्याच्याकडून उत्तर आलं नाही, पण पुढच्या दिवाळीला तुझी आई तुला घेऊन आली, दारातून, सरळ आत. तुझा बाप खाली गाडीतच बसून राहिला, कचऱ्याच्या डब्यांसमोर, इंजिन चालू ठेवून. समोरच्या बाई खिडकीतून ओरडल्या, तर त्याने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. अजूनही उतरत नाही. फोनवर तब्येत विचारतो, औषधं विचारतो. घरात येत नाही. रायफली बंद झाल्या, मग आता काय अडलंय, असं मी तुझ्या आईला विचारलं होतं. अडलंय ते मला माहीत आहे. चार ओळी अडल्या आहेत.

आता काम ऐक. बंदूकवाला म्हणतो, इतक्या वर्षांत नळ्यांच्या आत काय झालंय ते एकदा बघायला हवं. त्याने टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, दिलीय, खंडेनवमीच्या आधीचा मंगळवार, सकाळी अकरा. तो दट्ट्या काढून देणार, मी त्याच्याच टेबलावर पुसणार, तो परत लावणार. पण माझ्या डोळ्यांना आता चिंधी पांढरी निघाली की करडी, हे कळत नाही. मला तुझे डोळे हवेत. आणि तो ठिपका अजून आहे, वाढलेला नाही, तुझं बोट लावून बघ. बोट मोठं झालं असेल.

माझ्यामागे त्यांचं काय करायचं हे तुझ्यावर लादत नाही. तुझ्या बापाकडे गेल्या तर तो कापायला देईल, आणि त्याला तो हक्क आहे, आता मी तसं म्हणते. तू म्हणालीस कापा, तर कापू. पण एकदा हातात घेऊन पुस, नळीतून उजेड बघ, आणि मग सांग. फोनवर नको, ट्राम येते.

सोमवारीच ये म्हणजे झालं. गाडी घेऊन बाप सोडायला येणार असेल तर येऊ दे. त्याला सांग, उतरायचं नसेल तर नको उतरू, नुसती काच खाली कर. चहा मी खाली घेऊन येते, आणि चार ओळी आहेत, त्या मी ह्या वेळी तोंडानेच सांगेन. लवकर ये गं, आणि त्याला घेऊन ये.